तुम्ही ‘येतो’ म्हणाला नव्हतात

अहो, चहा गाळायला मी पाठ वळवली तेवढ्यात तुम्ही गेलात. ही काय रीत झाली? दोन कप घेऊन बाहेर येते तर तुम्ही आरामखुर्चीत, चष्मा कपाळावर, मांडीवर पेपर उघडा आणि त्यात कुठल्याशा उड्डाणपुलाला गेलेल्या भेगांची बातमी. मी म्हटलं, "घ्या, गार होईल." मग जरा चढ्या आवाजात म्हटलं. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

लोक येतात, माझा हात धरतात आणि सांगतात, भाग्यवान हो, पडून राहिले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. लोकांचं काय जातं? मला त्रास दिलात ना. घरातून निघणाऱ्याने ‘येतो’ म्हणावं, एवढं आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. तुम्हाला दोनदा जमलं नाही. एकदा सौदीत, यान्बूला, आणि एकदा ह्या आठवड्यात.

"म्हणालो होतो," असं तुम्ही लगेच म्हणाल. यान्बूच्या बाबतीत तीस वर्षं तेच म्हणत आलात. मी म्हणत आले, नाही. आता तुम्ही समोर नाही, तर माझी बाजू सविस्तर मांडते. मध्ये बोलू नका.

तुम्ही मला सौदीला नेलंत तेव्हा मी काय चीज होते, हे नातीला सांगितलं की ती पोट धरून हसते. तुम्ही नाशिकची सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी सोडून तिकडे पुढे गेलात, मग मला बोलावलंत. मी गल्लीभर सांगत सुटले, "आमचे हे अरबस्तानात हायवे बांधतात." समोरच्या मावशी म्हणाल्या, "वाळूत? वरून चालवणार काय, उंट?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. बॅगेत पैठणी घातली, पार्ट्यांना लागेल म्हणून. डोळ्यांपुढे खजुराची झाडं, कारंजं आणि बंगला. मिळालं काय, तर पार उत्तरेला, इराकच्या सीमेलगत, अरारजवळच्या कॅम्पात पत्र्याची खोली. चहूकडे सपाट दगडगोटे. धड वाळूसुद्धा नाही! थंडीत नळातलं पाणी गोठायचं. पैठणीवर शाल, शालीवर तुमचा कोट आणि त्यावर तिथल्या बायकांचा पायघोळ काळा अबाया, असं सोंग काढून मी पहिला हिवाळा काढला. आपल्या बायकांना वर्षातून एकदा काळं नेसायची हौस. मला तिथे बारा महिने संक्रांत.

आणि देव! तिकडे देव न्यायला बंदी, म्हणून मी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा प्रेशर कुकरमध्ये घातले, वर तूरडाळ ओतली. कस्टमच्या माणसाने झाकण उघडलं, डाळ पाहिली, पुढे चला असा हात केला, "यल्ला, यल्ला." मला वाटलं, काय माझी अक्कल! बाळकृष्ण निघाला, अन्नपूर्णा तळाशी राहिली आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या वरणात शिजली. तीन शिट्ट्या. तुम्हाला ती वाटीत सापडली तेव्हा तुम्ही हसला नाहीत, की रागावला नाहीत. धुऊन पुसून तिला खिडकीत उभी केलीत आणि म्हणालात, "वरण छान झालंय." ह्याच गोष्टीने माणूस चिडतो हो. तुमच्याशी भांडायला धड कारणच मिळायचं नाही.

नळ गोठला की तुम्ही डांबर तापवायचा बर्नर घेऊन पहाटे पाइपाला शेक देत बसायचात, मला आंघोळीला पाणी मिळावं म्हणून. ते तेवढं मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. पुढे चला.

वाटीचं सांगू का? सांगतेच. रस्त्याचा नवा थर घातला की तो सुरू करायच्या आधी तुम्ही मला पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवायचात. मांडीवर स्टीलची वाटी, काठोकाठ पाणी. कंपनीकडे रस्त्याचा खडबडीतपणा मोजायचं यंत्र होतं, पण तुमचा त्याच्यावर जीव नव्हता. "यंत्राला कंबर नसते," म्हणायचात. तुम्ही एका वेगात गाडी हाकायची, पाणी सांडलं की मी "इथे!" म्हणून ओरडायचं. तुम्ही उतरून खडूने खूण करायचात, आणि दुसऱ्या दिवशी तिथला थर खरवडला जायचा. कॅम्पातल्या माणसांना माझा आवाज दुरून ओळखू यायचा. भिजलेला अबाया घेऊन मी घरी यायचे आणि मनात म्हणायचे, काय हे प्रेम! माझ्यावाचून ह्यांचा रस्ता पुरा होत नाही. दोन-तीन रस्ते झाल्यावर ध्यानात आलं की गवंड्याच्या हातात पाणसळ असते ना, तिच्या जागी मी होते.

मग रस्ते बांधून झाले आणि तुम्ही ते राखायला लागलात. तिथून माझं डोकं फिरायला लागलं. बांधताना निदान शेवट दिसतो. राखण्याला शेवट नाही. आज कड ढासळली, उद्या रस्त्याखालची मोरी तुंबली, परवा उंट मध्ये आला. तुम्ही एकदा म्हणालात, "बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. राखणाऱ्याचं काम चांगलं झालं तर कुणाला दिसतच नाही." मी पोळी लाटत होते. म्हटलं, "हे तुम्ही कुणाला सांगताय?" तुम्ही पोळीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि निमूट पानं घेतलीत.

आपली लेक मुक्ता शाळेच्या वयाची झाली तशी तिला घेऊन मी रियाधला आले. अल मलाझमध्ये वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. तुम्ही उत्तरेतच. सुट्टी मिळेल तेव्हा यायचात, आल्यावर रियाधच्या रस्त्यांना नावं ठेवायचात आणि परत जायचात. शेजारी रत्नागिरीकडच्या सकीनाभाभी; त्यांच्या यजमानांचं बत्हा बाजारात घड्याळांचं दुकान. त्या होत्या म्हणून मी वेडी झाले नाही.

आणि मग इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. टपावर गाद्या बांधलेल्या कुवेती गाड्या रियाधच्या रस्त्यांवर दिसायला लागल्या. पाठोपाठ देशोदेशीची फौज आली आणि तिची चाकं गेली कुठून? तुमच्या लाडक्या दोन पदरी रस्त्यावरून. रणगाडे लादलेले ट्रेलर, दिवसरात्र. एक दिवस फोन वाजला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"कडा तुटतायत," तुम्ही म्हणालात.

"कुणाच्या?"

"रस्त्याच्या. दोन ट्रेलर समोरासमोर आले की एकाची चाकं खाली उतरतात. साइडपट्टीचा पार भुगा झालाय."

"इथे माझ्या डोक्याचा भुगा झालाय. खालची दोन्ही बिऱ्हाडं भारतात गेली. आम्ही कधी जायचं?"

"काही होत नाही गं."

"इकामा तुमच्या नावावर, इथे राहायची परवानगीच तुमच्या जिवावर. पासपोर्ट तुमच्या मालकाच्या, त्या कफीलच्या कपाटात. तुमच्या सहीशिवाय मला हा देश सोडता येत नाही. मी काय त्या कपाटाला हळदीकुंकू लावू?"

"येतो ना. पुढच्या आठवड्यात येतो. एक मोरी खचलीय, तेवढी..."

असे कितीतरी पुढचे आठवडे आले आणि गेले. तुमच्या फोनवरच्या ‘येतो’ची मी माळ ओवली असती. सकीनाभाभी म्हणाल्या, "वहिनी, तुझा घोव रस्ता टाकून येयाचा नाय. तो रस्ता म्हंजे तुझी सवत हाय. यान्बूला माझा भाऊ हाय, समुद्राकडं. तिकडं लढाई पोचायची नाय. तिकडं जा."

"जाऊ कशी? गाडी चालवू?"

"अगो बाय, इथं बायका गाडी चालवायला लागल्या तर लढाई दुसऱ्याच दिवशी खलास!"

संक्रांतीचा तिळगूळ करून ठेवला. गोड बोलायला कुणीच आलं नाही. त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली. विमानतळ बंद. वाटाण्याच्या अक्षता लागल्या त्या अशा.

त्या दिवसांतली मी म्हणजे एक नमुनाच. क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल असं सगळे म्हणत होते, म्हणून न्हाणीघराच्या खिडकीला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावली. भोंगा वाजला की मी आणि मुक्ता आत, तोंडाला मास्क. मास्कमध्ये कुंकू फिसकटतं म्हणून मी मुद्दाम टिकली लावायला लागले. मरताना नीटनेटकं असावं, नाही का? पहिल्याच वेळी मुक्ता रडायला लागली, "बाळकृष्णाला मास्क नाहीये!" भोंगा वाजत असताना ही बया, म्हणजे मी, धावत बाहेर गेली. दोन्ही देव पुन्हा कुकरमध्ये घातले, झाकण लावलं, वर शिट्टी ठेवली. रबर नवीन होतं. रियाधमध्ये त्या दिवशी आमच्या देवांइतकं सुरक्षित कुणी नव्हतं.

आणि एका सकाळी तुम्ही दारात उभे. दाढी वाढलेली, ओठ फाटलेले, भुवयांपर्यंत धूळ. रात्रभर गाडी चालवत आला होतात.

"चला," म्हणालात. "भाभींचा भाऊ कुठे राहतो म्हणालीस?"

मी किती बोलणार होते! सगळं पाठ करून ठेवलं होतं. ते राहिलं बाजूला. कुकर उचलला. आणि बघा सवय कशी असते, वाटीही उचलली. भाभींनी सांदणांचा डबा हातात दिला, मुक्ताच्या तोंडावरून हात फिरवला.

रियाध मागे पडलं. गाड्याच गाड्या, सगळ्या पश्चिमेकडे. मला वाटलं आता तुम्ही जीव घेऊन पळाल. कसले! अल कसीम ओलांडल्यावर रस्त्याच्या मधोमध ट्रकच्या फुटलेल्या टायरची लांबच लांब साल पडली होती. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. थांबवलीत. उतरलात.

"अहो! काय करताय?"

"टायर उचलतोय."

"वरून क्षेपणास्त्रं पडतायत!"

"ती वर आहेत. हे खाली पडलंय." आणि ते धूड ओढत तुम्ही कडेला नेलंत. तेवढ्यावर भागलं नाही. तिथे एक खड्डा दिसला. मग त्याच्या अलीकडे दगडांची रांग लावलीत, मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून. मी खिडकीतून डोकं काढून ओरडतेय, मागे मुक्ता सांदण खाता खाता हसतेय, येणारे-जाणारे हॉर्न वाजवतायत आणि तुम्ही एकेक दगड निरखून ठेवताय, जसा काही गणपती बसवताय.

"हा तुमचा रस्ता तरी आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? बस, निघू."

ह्याला उत्तर म्हणतात? मदिनेजवळ आपल्यासारख्या बिगरमुसलमानांनी शहराबाहेरच्या रस्त्याने जावं अशी पाटी लागली. त्या वळणावर माझा जीव मुठीत, आणि तुम्ही म्हणता, "उतार काय सुरेख दिलाय बघ वळणाला. वाटी भरून घे बरं." घेतली हो मी! थर्मासातलं पाणी ओतलं आणि ती वाटी धरून बसले. लढाईतून पळून जाणारी, मांडीवर पाण्याची वाटी घेतलेली बाई जगात दुसरी झाली असेल तर मला दाखवा. एक थेंब सांडला नाही. तुम्ही मान हलवलीत. कुणातरी परक्या माणसाचं काम तुम्हाला पसंत पडलं होतं.

आता यान्बू. नीट ऐका, इथेच आपलं अडलंय.

भाभींच्या भावाचं घर चांगलं होतं. त्यांच्या बायकोने आपल्याला जेवू घातलं, खोली रिकामी करून दिली. मी म्हटलं, आता हे राहतील. सकाळी तुम्ही पिकअपच्या टाकीत डिझेल ओतत होतात.

"कुठे?"

"मागे. माणसं तिथेच आहेत. मोरी अर्धी उघडी टाकून आलोय. ट्रेलर जातायत तिच्यावरून. अँब्युलन्ससुद्धा."

"आणि आम्ही?"

"तुम्ही इथे सुरक्षित आहात ना?"

मग मी फाटकात उभं राहून जे बोलले ते यान्बूच्या त्या गल्लीला अजून आठवत असेल. "जा! त्या रस्त्याच्या गळ्यात मंगळसूत्र बांधा! त्याच्याशीच लग्न लावायचं होतं तर मला कशाला आणलंत? जा, त्याच्या कडा जपा, आमच्या तुटू द्या!" भाभींच्या भावाने लाजेने आत जाऊन दार लोटून घेतलं. तुम्ही गाडीत बसलात. काच खाली होती. हात वर केलात. आणि गेलात. ‘येतो’ म्हणाला नाहीत.

तुम्ही म्हणता, म्हणालो. मी म्हणते, नाही.

ह्यावर तुम्ही नेहमी विचारायचात, "एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलीस?" सांगते काय ते. लढाई संपेपर्यंत तुमचा निरोप नव्हता. समुद्राकाठी बसून मी पाण्याकडे बघायचे, रेडिओ काय सांगतोय ते ऐकायचे. नवरा लढाईच्या तोंडाशी आहे ह्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मी कुणाला सांगितली नाही. तुम्ही मेलात तर रडेन. पण निघताना तुमच्या मनात परत यायचंच नसलं तर? शब्द तोंडून सुटला नाही की मनातच नव्हता? मला तेवढंच हवं होतं. आजही तेवढंच हवंय. भांडण तुम्ही जिंका खुशाल.

आलात तुम्ही. लढाई संपल्यावर एका दुपारी फाटकापाशी पिकअप थांबली. अर्धे झाला होतात. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. निवडलेले खडे त्याच वाटीत टाकत होते. तुम्ही जवळ आलात, घसा खाकरलात आणि म्हणालात, "वाटी कुठाय? मोरीवरचा पट्टा नवा केलाय. बघायला चल."

मी वाटी फेकून मारली. तुमच्या घोट्याला लागून भिंतीवर आदळली, काठाला पोचा पडला. तुम्ही ती उचललीत, पोचा अंगठ्याने चाचपलात. "आता ह्या बाजूने लवकर सांडेल," म्हणालात. आणि मग फाटकातच खाली बसलात आणि मला तुमचे खांदे हलताना दिसले. मी कधी तसं पाहिलं नव्हतं. पुन्हाही नाही. मी जवळ येऊन बसले. तेव्हा विचारायला हवं होतं. पण त्या क्षणी कोण विचारणार? आणि पुढे विचारलं ते भांडणाच्या आवाजात.

विचार करा: फोनवर दर आठवड्याला ‘येतो’ म्हणून आला नाहीत, आणि यान्बूला न म्हणता आलात. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे पाटी नसलेल्या रस्त्यावर गाडी हाकायची.

पुण्याला येऊन स्थायिक झालो तरी हा वाद आपल्याबरोबर आला. सणावारी, जेवताना, मुक्ताच्या लग्नात व्याह्यांसमोरसुद्धा. "मुक्ता, तू सांग, बाबा म्हणाले होते का?" तुम्ही विचारायचात. ती डोळे फिरवायची, "आई, बाबा, प्लीज, नॉट अगेन." त्या इंग्रजी शाळेचा एवढाच उपयोग झाला, घरचा एकुलता एक साक्षीदार नेमक्या वेळी इंग्रजीत फितूर व्हायचा.

तुम्हाला शेवटचं नेलं ती गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यात अशी आदळली की तुमचं डोकं उशीवरून घसरलं. उभा जन्म रस्ते सपाट केलेल्या माणसाला शेवटचा रस्ता असा? मी ड्रायव्हरला म्हटलं, "हळू हो, ह्यांना खपत नाही." तो बिचारा मागे वळून बघायला लागला.

आणि काल तुम्हाला घेऊन आम्ही नाशिकला निघालो, रामकुंडावर. मुक्ता चालवत होती. तुमचा कलश पांढऱ्या फडक्यात बांधून माझ्या मांडीवर. दोन्ही हातांनी धरला होता, कोपरं अंगाला चिकटवून. संगमनेरच्या पुढे माझ्या लक्षात आलं, मी तुम्हाला वाटीसारखी धरलीय. जरा धक्का बसला की माझ्या तोंडून निघत होतं, "इथे." मुक्ता ऐकत होती; तिने वेग कमी केला.

मग तिने अचानक गाडी कडेला घेतली. पुढे रस्त्यावर दगड पडले होते. कुणा ट्रकवाल्याने गाडी बंद पडल्यावर चाकांना लावलेले आणि तसेच टाकून गेलेले. ह्या दगडांवरून तुम्ही किती तळतळायचात! "लावले ते ठीक, पण उचलायचे कुणी?"

मुक्ता उतरली. ओढणी कमरेला खोचली. येणाऱ्या गाड्यांना हात करत एकेक दगड उचलून कडेला नेऊन ठेवायला लागली. माझ्या मांडीवर तिचा बाप, मागून बसचे हॉर्न, आणि ही दगड वेचतेय. तोंडात शब्द आले होते, "हा काय तुझा रस्ता आहे?" गिळले.

ती परत आली, हात झटकले, सीटवर बसली.

"मुक्ता," मी म्हटलं, "एकदाच खरं सांग. यान्बूला बाबा ‘येतो’ म्हणाले होते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कलशाकडे. ह्या खेपेला मराठीत बोलली.

"आई, त्यांचे ओठ हलले होते. मी बघितलं. पण तू इतकी ओरडत होतीस की मला काही ऐकूच आलं नाही."

तिने गाडी सुरू केली. सिन्नर आलं, गेलं. पुढच्या घाटातली, तुम्ही दर खेपेला वाखाणायचात ती उताराची दोन वळणं गेली. मी तोंड मिटून बसले होते. इतका वेळ मी गप्प बसल्याचं तुमच्या ऐकिवात नसेल. शेवटी पोरगी घाबरली.

"आई? बरं वाटतंय ना? अशी गप्प का?"

"श्श," मी म्हटलं, आणि कलश कानाशी घेतला. "ऐकू दे."